हव म्हटलं की धावायचं

२ जानेवारी १९८१

ही डायरी क्लबनं सत्कारात दिली. शाल, नारळ आणि डायरी. शालीला डांबरगोळ्यांचा वास येऊन राहिला आहे, म्हणजे आधी कोणाला तरी पांघरून झालेली दिसते. सेक्रेटरी वामनराव माइकवर म्हणाले, कप्तान मारोतराव ढोमण्यांनी आता आपले अनुभव लिहावेत, नव्या पोट्ट्यांच्या कामी येतील. लिहितो बापा. वर्कशॉपची नोकरी सुटली, खेळ तर केव्हाचाच सुटला, आता नावच तेवढं उरलं. आमच्या हनुमाननगरात पोस्टमनसुद्धा मला कप्तानच म्हणतो.

आज सकाळी सिडनीची कॉमेंट्री लावली होती. आपला एक पोरगा झकास खेळून राहिला होता. बंपर आला तो सरळ कानशिलावर. पडला जागीच. धरून बाहेर नेलं त्याला. रिटायर्ड हर्ट. माझं डोकंच फिरलं. मी कप्तान होतो तोवर हा शब्द आमच्या क्लबाच्या स्कोअरबुकात एकदाही आला नाही. सत्कारात मी तेच तर सांगितलं.

त्रेपन्न सालची गोष्ट. रेशीमबागेत जबलपूरवाल्यांशी मॅच. माझी करंगळी मोडलेली, तशीच बॅटला बांधून उभा होतो. समोरच्या टोकाला नत्थू शेंडे, नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं. त्याच्या डाव्या कानावर बॉल बसला. गुडघ्यावर आला, कानातून रक्त आलं, कॉलर लाल झाली. अंपायर म्हणे, याले बाहेर न्या. मी जवळ गेलो, खांद्याला धरून उभा केला आणि विचारलं, "नत्थू, खेळतो नं?" नत्थू म्हणाला, "हव." बस. त्या दिवशी आम्ही दोघांनी मॅच काढली.

आमच्या क्लबात रन घेताना येस आणि नो चालत नसे. आपली नागपुरी बोली. हव, नाई, थांब. आणि कायदा एकच, कप्तानानं हव म्हटलं की चेंडू कुठं आहे ते पाहायचं नाही, धावायचं. पाहणारा माणूस अर्ध्या खेळपट्टीत मरतो.

सत्कारात टाळ्या पडल्या. नत्थू कोराडीहून बसनं आला होता, तिथं वीज केंद्रात टाइमकीपर आहे. तोही टाळ्या वाजवून राहिला होता, पण सगळ्यांच्या मागून. त्याला एका कानानं ऐकू येत नाही, लोक वाजवायला लागले की तो वाजवतो.

रेडिओ बंद केला तर कुसुम म्हणाली, "कोनाचं लेकरू हाये कोन जाणे, बरं झालं बाहेर नेलं." मी म्हटलं, तुला क्रिकेटातलं काय समजते? ती तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली. एक ठेवून दिली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. कुसुमचं हे चांगलं आहे, मनात धरून ठेवत नाही.

५ जानेवारी

सत्काराला जावई आले नाहीत, ते मनात राहून गेलं होतं. आज रवींद्रच्या इतवारीतल्या दुकानावर गेलो. खिळे, कड्या, कोयंड्यांचं दुकान आहे, गिऱ्हाईक तुटून पडते. म्हणाला, "बाबूजी, त्या दिवशी माल उतरून राहिला होता." मग काय बोलायचं. दुकान सोडून टाळ्या वाजवायला यावं असं मीही म्हणणार नाही.

रवींद्र खापरे माझं सिलेक्शन आहे. कुसुमनं जयासाठी एक मास्तर पाहून ठेवला होता, चष्मेवाला, बोलताना जमिनीकडे पाहायचा. मी म्हटलं, हा माणूस स्लिपला उभा करण्याच्या लायकीचा नाही. त्याच आठवड्यात रवींद्रला बॉलिंग टाकताना पाहिलं. एका पोट्ट्याच्या तोंडावर बंपर घातला, दोन दात खाली पडले. सगळे धावले. हा मागे वळून न पाहता आपल्या जागी परत चालत गेला आणि पँटला बॉल पुसत उभा राहिला. मी तिथंच ठरवलं, पोरगी द्यावी तर इथं. गेल्या मे महिन्यात लग्न झालं. माझ्या सगळ्या आयुष्यात सिलेक्शन चुकलं असं कोणी म्हणू शकत नाही.

१५ जानेवारी

काल जयाची पहिली संक्रांत. सासरी नंदनवनात सकाळी झालं, दुपारी आमच्याकडे हळदीकुंकू. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं कुसुमनं हातानं केलेलं. रवींद्रलाही हलव्याचा हार घातला, हातात नारळ दिला, फोटो काढला. बायकांनी घर भरून गेलं होतं.

जया डाव्या कानात हलव्याचं फूल घालू देईना. कुसुमनं हात नेला की मान झटकून राहिली होती. शेजारच्या यमुताई हसून म्हणाल्या, "काहून वं, नवऱ्यानं चावलं काय?" बायका हसल्या. मग कुसुमनं पदराखाली पाहिलं, आणि हातातलं ताट ठेवून आत निघून गेली. कान सुजून वांग्यासारखा झाला होता. गालापर्यंत निळं उतरलं होतं, वरून पावडर थापलेली.

बायका गेल्या, रवींद्र दुकानावर गेला, जया काही उठेना. म्हणाली, "बाबा, मी आता इथंच राहते." मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "ते मारते मला." म्हटलं, कशापायी? तर भाजीत मीठ जास्त झालं, शेजारणीशी बोलली, जेवताना बांगड्या वाजल्या. ही काय कारणं झाली? कुसुम मधे पडून म्हणाली, "अहो, राहू द्या तिले. कान फुटला हाये पोरीचा." मी म्हटलं, माझ्या टीममधून आजवर कोणी रिटायर्ड हर्ट झालं नाही, आणि माझी स्वतःची पोरगी पहिल्याच सीझनला मैदान सोडून येते? उद्या रेशीमबागेत तोंड कसं दाखवू? कुसुम रडायला लागली. रडणं मला सहन होत नाही, तिला माहीत आहे. तिला आत ढकललं आणि कडी घातली.

रिक्षा करून जयाला मीच सोडून आलो. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती, मांडीवर तिळगुळाचा डबा. सक्करदऱ्यापासून नंदनवनापर्यंत मी तिला समजावून राहिलो होतो. नवा बॉल असतो तेव्हा तो उसळतोच. जुना झाला की आपोआप खाली राहतो. तोवर टिकून राहायचं. राहशील नं? ती म्हणाली, "हव." पुन्हा असं पळून येणार नाहीस नं? म्हणाली, "हव." जरा गोंधळली बिचारी, पण भाव समजला. जास्त त्रास झाला तर मला सांगशील नं? "हव." मला इतकं बरं वाटलं की रिक्षावाल्याला चार आणे वर दिले.

पोरगी माझ्यावर गेली आहे.

२५ जानेवारी

आज ॲडलेडला कमालच झाली. तो सिडनीत पडलेला पोरगा, तोच, त्याच गोलंदाजांना असा काही झोडपून राहिला होता की कॉमेंट्रीवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एकशे चौऱ्याहत्तर. चौक्यामागून चौका. मी पाटावर बसून मांडीवर हात मारून राहिलो होतो.

कुसुम पोळ्या लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, "तोच नं हा, ज्याले उचलून नेलं होतं?"

म्हटलं, हो.

म्हणाली, "बाहेर नेला म्हनून जगला. जगला म्हनून आज खेळून राहिला." मग लाटणं खाली ठेवून सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, "माह्या पोरीले घेऊन या."

बावीस वर्षांत ही बाई माझ्याकडे असं पाहून बोलली नाही. हातातला तांब्या सुटला. तिच्या भुवईवर बसला. तीन टाके पडले, डॉक्टरला सांगितलं मोरीत घसरली. डॉक्टर माझा जुना ओळखीचा, क्लबात विकेटकीपर होता, काही बोलला नाही. घरी येऊन पाहतो तर अर्धवट लाटलेली पोळी पोळपाटावर तशीच, आणि तव्यावरची जळून काळी. रेडिओवर आपला डाव संपला होता. शेवटचे रन माझे हुकले.

१ फेब्रुवारी

नत्थू आला होता. सोबत त्याची बायको रुख्मिणी. रुख्मिणी सरळ कुसुमजवळ गेली, तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि दोघी आतच बसून राहिल्या. नत्थू नेहमीसारखा उजवा कान माझ्याकडे करून बसला. कोराडीची राख त्याच्या चपलांपासून भुवयांपर्यंत असते, कितीही धुतलं तरी.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "कप्तान, एक सांगू काय?"

"सांग."

"रुख्मिणीची बहीन गोपिका नंदनवनात राहते. जयाच्या भिंतीले भिंत. ते म्हनते, रोजचं हाये. परवा केस धरून अंगनात ओढलं. पोरीले घेऊन या, कप्तान."

मी म्हटलं, नत्थू, कान फुटला तरी तू उभा राहिलास की नाही? त्या एका दिवसावर तुझं नाव झालं. आज लोक तुला ओळखतात ते त्या दिवसापायी.

त्यानं खिशातून रुमाल काढून कान पुसला. अजून वाहते म्हणे, गारठ्यात जास्त. जाताना दारात थांबून म्हणाला, "येतो, कप्तान." मी त्याची पाठ थोपटली. असा माणूस आता होणे नाही. हजार हुशार पोट्टे एकीकडे आणि हुकूम ऐकणारा नत्थू एकीकडे.

आज दिवसभरात कुसुम माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला मात्र वेळेवर वाढलं.

१० फेब्रुवारी

लाज वाटून राहिली आहे. मेलबर्नला आपला कप्तान आउट दिला म्हणून चिडला आणि स्वतः तर निघालाच, समोरच्या जोडीदारालाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाला. देशाचा कप्तान. मॅनेजरनं दोरीपाशी अडवलं आणि जोडीदाराला परत पाठवलं म्हणून अब्रू राहिली. कप्तानच मैदान सोडायला लागला तर अकरा जणांनी कोणाकडे पाहायचं? वामनरावांकडे जाऊन तासभर यावर बोललो. ते म्हणाले, अन्याय झाला असेल तर माणसानं काय करावं? मी म्हटलं, उभं राहावं. घरी येऊन हे सगळं नीट लिहायला बसलो, तर

वरचं वाक्य अर्धवट सोडून उठावं लागलं. गोपिकाचा नवरा सायकलवर आला होता. जयाला मेडिकलच्या दवाखान्यात नेलं आहे.

११ फेब्रुवारी

आपण मेलबर्न जिंकलं. दवाखान्याच्या आवारात पोट्टे पेढे वाटून राहिले होते. एकानं माझ्याही हातावर ठेवला. मी तो तासभर तसाच धरून होतो.

जयाच्या खांद्याचं हाड मोडलं आहे. डोक्यात खोक, केस कापून टाके घातले. तोंड ओळखू येत नाही. खलबत्त्याच्या बत्त्यानं मारलं. लोखंडी बत्ता, मीच आंदणात दिला होता.

गोपिकानं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. रवींद्र जेवायला बसला होता. त्यानं पाणी मागितलं. जया चुलीकडे तोंड करून बसलेली. त्यानं पुन्हा मागितलं. तिनं ओ दिली नाही. तो म्हणाला, "मले उत्तर देत नाही काय?" आणि उठला. जया म्हणत होती, ऐकू नाही आलं, ऐकू नाही आलं. गोपिका म्हणते, ती शेवटपर्यंत तेवढंच म्हणून राहिली होती.

डॉक्टर नवा पोरगा आहे. मला म्हणाला, डाव्या कानाचा पडदा गेलेला आहे, पण तो कालचा नाही, जुना आहे, महिना तरी झाला असेल. मी म्हटलं, तुम्हाला काय कळते? महिन्यापूर्वी पोरगी माझ्या घरी होती, माझ्याशी बोलत होती, धडधडीत उत्तरं देत होती. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि दुसऱ्या खाटेकडे गेला.

कुसुम जयाच्या उशाशी बसून आहे. मी आलो तर तिनं वर पाहिलं नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्या टीमवर कोणी हात टाकला तर मी गप्प बसत नसतो, हे नागपुरात कोणीही सांगेल. त्रेपन्न सालचा एक स्टम्प घरी आठवण म्हणून होता, खाली लोखंडी टोक. तो पिशवीत घेतला. दवाखान्याच्या फाटकाशी नत्थू भेटला. मी म्हटलं, "चल, नत्थू. इतवारीत जायचं आहे. हव?"

तो पिशवीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाई, कप्तान."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी समजलो त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा नाईच म्हटलं. "पोरीपाशी बसा," म्हणाला. "ते उठली की तुमाले पाहील." मी थुंकलो आणि एकटा गेलो.

रवींद्र गल्ल्यावर बसला होता, जणू काही झालंच नाही. मला पाहून उभा राहिला, नमस्कार केला. त्याचा उजवा हात काउंटरवर होता, खिळ्यांच्या ढिगाजवळ. मी स्टम्प काढला आणि बोटांवर घातला. दोन बोटांचा आवाज आला. तो ओरडून खाली बसला. मी काउंटर ओलांडून आत गेलो आणि पाठीवर, बरगडीवर, पायांवर, जिथं बसेल तिथं घातलं. खिळे सगळ्या दुकानात पांगले. त्याच्या तोंडातून रक्त येऊन राहिलं होतं. म्हणाला, "बाबूजी, तुमी आईले हाणता, तवा तुमच्या घरी कोन येते स्टम्प घेऊन?"

चोराच्या उलट्या बोंबा. मी कुसुमला कधी बत्त्यानं मारलं नाही. मी आणखी दोन घातले. मग लोकांनी धरलं.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. करंगळी मोडलेल्या हातानं शेवटचा चौका मारला होता, तसं बरं वाटलं. मागे वळून पाहिलं नाही.

१५ फेब्रुवारी

ठाण्यात दोन दिवस ठेवलं. फौजदार भला माणूस, लहानपणी माझी बॅटिंग पाहिलेला. खुर्ची दिली, चहा दिला. जयाचं सांगितलं तर म्हणाला, कप्तानसाहेब, तो नवराबायकोचा घरचा मामला, त्यात आम्ही काय करावं, तुमचं मात्र दुकानातलं आहे, लिहावं लागते. वामनरावांनी जामीन दिला. येताना म्हणाले, सत्काराचे फोटो आले आहेत, पण आता क्लबाच्या स्मरणिकेत कसे छापावे याचा विचार करतो आहे.

दवाखान्यात गेलो तर जयाची खाट रिकामी. घरी आलो तर दाराला कुलूप. किल्ली यमुताईंजवळ होती. म्हणाल्या, "वहिनी पोरीले घेऊन कोराडीले गेल्या, नत्थूजीच्या घरी."

घरात सगळं जागच्या जागी. कुसुमनं आपल्या दोन साड्या नेल्या, जयाचा फोटो नेला. शाल घडी करून माझ्या खाटेवर ठेवली होती, वर रेडिओ. चूल थंड.

मी असताना माझं घर सोडून ती नत्थूकडे जाते म्हणजे काय? कप्तान जिवंत आहे अजून.

१८ फेब्रुवारी

वरण करायला गेलो, खाली लागलं. पातेलं भिंतीवर मारलं. आता भिंतीवर पिवळा डाग आहे आणि पातेल्याला पोचा. यमुताईंनी डबा पाठवला होता, आजपासून त्यांच्या घरचा पोरगा आणत नाही. काल त्याला हळू चालतो म्हणून कानाखाली दिली होती. एवढंसं कारण.

मी विचार करून राहिलो आहे की यात माझं काय चुकलं. पोरगी परत पाठवली तेव्हा तिला विचारून पाठवली. जावयाला शिक्षा केली. आणखी कप्तानानं काय करायचं असते? चार दिवसांत कोणाचा निरोप नाही. हे मला पटत नाही. उद्या जातो आणि दोघींना घेऊन येतो.

१९ फेब्रुवारी

कोराडीला जाऊन आलो. आजच लिहून काढतो.

बस कोळशाच्या ट्रकांमागून रांगत गेली. नत्थूचं क्वार्टर कॉलनीच्या टोकाला, दोन खोल्यांचं. रुख्मिणीनं दार उघडलं आणि बाजूला झाली, या म्हटलं नाही. जया आतल्या खोलीत खिडकीशी खाटेवर टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला, डोक्यावर ओढणी. कुसुम भाजी निवडत होती. तिच्या भुवईवरची खूण आता पांढरी पडली आहे.

मी जयाजवळ खुर्ची ओढून बसलो, भिंतीच्या बाजूला जागा होती तिथं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मी तिला सगळं सांगितलं. रवींद्रची बोटं मोडली, आता तो जन्मात बॉल धरू शकणार नाही. तुझा बाप तुझ्यासाठी तुरुंगात जाऊन आला. झालं ते झालं, आता घरी चल, माझ्या घरात तुझ्याकडे वाकडं पाहायची कोणाची छाती नाही.  ती एकदाही मधे बोलली नाही, इतकं लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी मी तिच्या हातावर हात ठेवून विचारलं, "चालते नं घरी?"

हात लागताच ती दचकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हव."

मी उठलो आणि कुसुमला म्हटलं, चला, आवरा, पोरीनं हव म्हटलं.

कुसुम भाजी निवडतच होती. म्हणाली, "त्या कानानं तिले ऐकू येत नाही. इकून येऊन इचारा."

मी खाटेला वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेलो. सावकाश विचारलं, जया, घरी चालतेस नं?

ती म्हणाली, "नाई."

"काय?"

"नाई, बाबा."

तिनं तो शब्द असा टाकला की जणू आम्ही रन घेऊन राहिलो आहोत आणि चेंडू तिला दिसून राहिला आहे, मला नाही. मी म्हटलं, आत्ता हव म्हटलंस आणि आत्ता नाई? बापाशी खेळ करून राहिलीस? माझा हात वर गेला. तो जातो, मी नेत नाही.

आणि जयानं चांगल्या हातानं कान झाकला. उजवा, उरलेला. डोळे मिटून, मान खांद्यात घालून, अगदी सवयीनं. रवींद्र तिथं नव्हता. खोलीत मीच होतो.

माझं मनगट मागून कोणीतरी धरलं. नत्थू ड्यूटीवरून आला होता. त्याच्या पंजात इतकी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. कुसुम उठून उभी राहिली होती, हातात विळी. यावेळी ती मागे सरली नाही.

"चला, कप्तान," नत्थू म्हणाला, "तुमाले बसपर्यंत सोडतो."

रस्त्यानं तो माझ्या डाव्या हाताला चालून राहिला होता, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडे. मी म्हटलं, नत्थू, तू तरी समजाव तिला. तू त्या दिवशी मैदान सोडलं नव्हतंस.

तो चार पावलं गेला. मग म्हणाला, "कप्तान, मले त्या दिवशी तुमचं काहीच ऐकू आलं नवतं."

"म्हणजे?"

"बॉल लागला तवाच कान गेला. डोक्यात नुसता घूं घूं आवाज. तुमी समोर उभे, तोंड हलून राहिलं होतं तुमचं. मले वाटलं तुमी म्हनता, चाल बाहेर नेतो तुले. म्हनून मी हव म्हटलं." तो थांबला. "मंग तुमी मले बॅट दिली हातात."

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?

"तुमी सगळ्याइले सांगून राहिले होते का नत्थू उभा राहिला. मी काय सांगू?"

बस आली. त्यानं मला चढवून दिलं, कंडक्टरला म्हणाला, हे आमचे कप्तान, यांना हनुमाननगरला उतरवून देजो. बस सुटली तेव्हा तो पाठमोरा चालून राहिला होता. मी त्याला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही, आणि ते ऐकू न आल्यानं की काय, हे मला समजलं नाही.

घरी आलो. रेडिओ लावला नाही.

संक्रांतीला रिक्षात जया माझ्या उजव्या हाताला बसली होती. म्हणजे तिचा डावा कान माझ्याकडे होता. मी तिला काय काय विचारलं होतं, ते सगळं मला आठवते.